तुम्ही विचारलंत म्हणून: ११ लाखांची एस्टोनियन आणि ७० लाखांची आफ्रिकान्स

मी भाषाशास्त्र शिकवते. लहान भाषांचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ‘११ लाख माणसांची एस्टोनियन विद्यापीठात ऐटीत शिकवली जाते, मग दक्षिण आफ्रिकेतल्या, जवळपास ७० लाखांची मातृभाषा असलेल्या आफ्रिकान्सवाल्यांना विद्यापीठातल्या जागेसाठी कोर्टात का जावं लागतं?’ नुसती डोकी मोजून याचं उत्तर मिळत नाही. भाषेच्या शेजारी कोण आहे आणि कधीकाळी सत्ता कुणाच्या हातात होती, तेही बघावं लागतं.

एस्टोनियाची वस्ती नाशिक शहराहूनही कमी. पण राज्यभाषा एकच. तार्तू विद्यापीठ १६३२चं, तिथे एस्टोनियनमधून शिकवणं सुरू झालं १९१९ला. सोव्हिएत काळात रशियनचा दाब वाढला, तर स्वातंत्र्याच्याही आधी, १९८९ला, एस्टोनियावाल्यांनी भाषेचा कायदा करून घेतला. ही भाषा फिनिशची जवळची नातलग. विभक्ती १४, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या पुढे आणखी एक अतिदीर्घ मात्रा! रशियाच्या सीमेवरच्या नार्वा शहरात मात्र घरीदारी रशियनच ऐकू येते. २०२४पासून तिथल्या रशियन शाळांतही पहिली आणि चौथीचे वर्ग एस्टोनियनमधून भरू लागले. धोरण मला पटतं, पण चौथीतल्या पोराला एकदम दुसऱ्या भाषेत गणित करायला लावणं सोपं नाही.

आफ्रिकान्सचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपमध्ये, आलेल्या डचांची बोली तिथल्या खोईखोई लोकांच्या आणि इंडोनेशिया, भारत, मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या तोंडी घडत गेली. क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही, शिकणाऱ्याला तेवढंच सुख. एकोणिसाव्या शतकात केप टाउनच्या मदरशांत ती चक्क अरबी लिपीत लिहिली जायची. १९२५ला तिला सरकारी मान मिळाला आणि पुढे ती गोऱ्या सत्तेची भाषा म्हणून ओळखली जाऊ लागली. काळ्या मुलांच्या शाळांवर ती लादली, त्याविरुद्ध १६ जून १९७६ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. तो डाग अजून गेलेला नाही.

आज दक्षिण आफ्रिकेत अधिकृत भाषा १२, आणि वर इंग्रजीचा रेटा. पूर्वी मुख्यतः आफ्रिकान्समधून शिकवणाऱ्या स्टेलनबॉश विद्यापीठाने इंग्रजीला पुढे केलं, तेव्हा २०१९ला तिथल्या संविधान न्यायालयानेही विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. शेजारच्या नामिबियात १९९०पासून अधिकृत भाषा एकटी इंग्रजी, तरी वेगवेगळ्या भाषांची माणसं भेटली की आफ्रिकान्सवर काम भागवतात.

एक गोष्ट विचारणाऱ्यांच्या सहसा लक्षात नसते: आफ्रिकान्स मातृभाषा असलेले निम्म्याहून जास्त लोक गोरे नाहीत. केप टाउनच्या वस्त्यांतली त्यांची ‘काप्स’ बोली शाळेत वर्षानुवर्षं अशुद्ध ठरवली गेली. आता त्याच बोलीत रॅप होतं आणि २०२१पासून तिच्या त्रैभाषिक कोशाचं कामही सुरू झालंय. आफ्रिकान्स टिकेल का, असं विचाराल, तर माझी भिस्त स्टेलनबॉशवर नाही, या मंडळींवर आहे.