मांडवा ते रेडी, डबलसीट

मुंबईहून भाऊच्या धक्क्याच्या रो-रो बोटीने मांडवा, तिथून किनारा धरून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि शेवटी गोव्याच्या हद्दीजवळचे रेडी. गाडी ३५० सीसीची, माणसे दोन, दिवस सहा, महिना डिसेंबर. रोजचे अंतर शंभर ते सव्वाशे किलोमीटर. आकडा लहान वाटतो, पण या रस्त्यावर ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी पडत नाही. खाडी आली की उतार, पलीकडे चढ, वर सडा म्हणजे कातळाचे पठार, पुन्हा उतार, शिवाय फेरीबोटीची वाट पाहणे. दिवसाला दोनशेचा बेत केला तर मागे बसणाऱ्या माणसाला समुद्र दिसण्याऐवजी फक्त चालवणाऱ्याचे हेल्मेट दिसते.

त्यामुळे तयारी इंजिनापासून नाही, मागच्या सीटपासून सुरू करावी. चालवणाऱ्याला पुढचा खड्डा दिसतो, मागच्याला तो कळतो तो कंबरेत. एकट्यासाठी ठेवलेल्या मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, डबलसीटला कमी पडतो. बहुतेक गाड्यांना पाच-सहा खाचा असतात. सी-स्पॅनरने (आकड्यासारख्या पान्याने) दोन खाचा वाढवाव्यात, दोन्ही बाजूंना सारख्याच, आणि घरापासून वीस-तीस किलोमीटर पूर्ण सामानासह जाऊन यावे. स्पीडब्रेकरवर मागचा भाग 'धप्प' करून टेकत असेल तर आणखी एक खाच.

प्रीलोड बदलल्यावर हेडलाइट तपासायचा राहून जातो. मागे वजन आले की गाडीचे नाक वर होते आणि लो बीमही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. संध्याकाळी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करावी. आधी एकट्याने बसून प्रकाशाच्या वरच्या कडेची खूण करावी, मग दोघांनी सामानासह बसून झोत त्याच खुणेवर आणावा.

चेनचेही तसेच. २५ ते ३० मिलीमीटर ढील बऱ्याच गाड्यांना चालते, अंतिम आकडा मॅन्युअलचा. पण वजनाने स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) वर जातो तशी चेन ताणली जाते, म्हणून रिकाम्या गाडीवर 'बरोबर' वाटणारी चेन दोघे बसल्यावर तारेसारखी होऊ शकते. घट्ट चेन पुढच्या स्प्रॉकेटजवळचे बेअरिंग आणि सील खाते. दोघांनी बसावे आणि तिसऱ्याने खालून बोटाने चेन हलवून पाहावी. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण जुनी चेन एके ठिकाणी सैल आणि दुसरीकडे घट्ट असते.

हवेचा दाब चेनगार्डवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळा दिलेला असतो, तो सकाळी टायर थंड असताना भरावा. पंपावरचा पोरगा सवयीने एकट्याचा आकडा भरतो. दाब मोजायचा आपला गेज जवळ ठेवा.

वजनाचा हिशेब कागदावर करावा. मॅन्युअलमध्ये कमाल एकूण वजन आणि गाडीचे स्वतःचे वजन दिलेले असते. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मर्यादा. १७५ किलो मिळाले असे समजा. ७५ आणि ६० किलोची दोन माणसे, हेल्मेट-जॅकेट-बुटांचे १२ किलो, उरले २८. त्यात बॅगा, कॅरिअर, हत्यारे आणि पाणी. वीस किलोत सामान बसवणे शहाणपणाचे. जड वस्तू सॅडलबॅगेत (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगेत) खाली आणि पुढच्या बाजूला, दोन्हीकडे सारख्या. मागच्या टॉपबॉक्समध्ये फक्त हलके: रेनकोट, टॉवेल, खाऊ. मागच्या एक्सलच्या मागे वजन लटकले की पुढचे चाक हलके होते आणि उतारावर हँडल डुलू लागते. चालवणारे 'हवेमुळे' म्हणतात, असते ते टॉपबॉक्समुळे.

सॅडलबॅग सायलेन्सरला टेकता कामा नये, चार बोटे अंतर ठेवा. बॅगांची फ्रेम बसवताना काही ठिकाणी साडीगार्ड सरळ काढून टाकतात. तो काढू देऊ नका. ओढणी किंवा जॅकेटचा लोंबता पट्टा चाकात जाणे हा डबलसीटचा सगळ्यांत वाईट अपघात आहे. ओढणी बॅगेतच बरी.

चढण्या-उतरण्याचा एक नियम ठरवून घ्या. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, साइडस्टँड वर, आणि 'बस' म्हटल्यावरच मागच्याने चढायचे. साइडस्टँडवर उभ्या गाडीच्या फूटरेस्टवर पाय देऊन चढले की सगळे वजन स्टँडवर जाते, आणि कोकणातल्या मऊ मातीत तो रुतून गाडी आडवी होते. जांभ्याची चपटी चीप स्टँडखाली घाला. इंटरकॉम नसेल तर खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब, एवढे पुरते. हेल्मेटला हेल्मेट आपटत असेल तर मागच्याने उतारावर एक हात टाकीवर टेकवावा आणि चालवणाऱ्याने ब्रेक टप्प्याटप्प्याने लावावा. तासाला एकदा उतरून पाय मोकळे करणे दोघांसाठी सक्तीचे. 'मला काही होत नाही' हे वाक्य चौथ्या दिवशी गुडघ्यातून वसूल होते.

या मार्गाचे वैशिष्ट्य फेरीबोटी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी बोटीचा लोखंडी उतार तिरका होतो, धक्क्याच्या खालच्या भागावर शेवाळ असते आणि मागची गाडी हॉर्न वाजवत असते. मागच्या माणसाने आधीच उतरून चालत जावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ, पुढच्या ब्रेकला हात नाही. घसरायचे ते ओल्या लोखंडावर पुढचा ब्रेक दाबल्यानेच. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि बाजूलाच उभे राहा. सुटे पैसे वरच्या खिशात हवेत, खाडीकाठी मोबाइलला रेंज असेलच असे नाही. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. बोट चुकली तर वळसा मोठा पडतो, आणि तोही अंधारात.

पेट्रोल तालुक्याच्या गावात भरत जावे: श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला. दोघांसह अॅव्हरेज दहा-पंधरा टक्के कमी धरा. वेश्वी ते केळशीच्या पट्ट्यात रस्ता अरुंद आणि वस्ती विरळ, तिथे टाकी अर्ध्याच्या वर हवी. आरे-वारेला वळणावरच गाड्या उभ्या करून फोटो चालू असतात, पुढे पाहा.

घाटउतारावर ज्या गिअरने चढ चढला असता त्याच गिअरने उतरा. सतत दाबलेला मागचा ब्रेक तापून मऊ पडतो, आणि डबलसीटला ते लवकर होते. निघण्यापूर्वी ब्रेकपॅड अर्ध्याहून कमी असतील तर बदलूनच टाका.

सोबत ठेवायचे: क्लच आणि अॅक्सिलरेटर केबल, क्लच-ब्रेकचे दोन्ही लिव्हर, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनलॉक (चेन जोडायची कडी), झिपटाय. ट्यूबवाला टायर असेल तर मागची नवी ट्यूब आणि दोन टायरलिव्हर. गावात पंक्चरवाला मिळतो, तुमच्या मापाची ट्यूब मिळेलच असे नाही. फक्त थर्ड पार्टी विम्यात मागे बसणाऱ्याचे संरक्षण गृहीत धरू नका, अपघात विम्याची जोड वेगळी घ्या.

जेवणाचे सकाळी अकराच्या आत फोन करून सांगावे. घरगुती खानावळीत ताट मोजून लागते, दोन वाजता अचानक पोहोचलात तर सोलकढीसुद्धा संपलेली असते.

वाळूवर गाडी घालू नका. खाऱ्या पाण्याची फवार किनाऱ्याच्या रस्त्यावरही बसतेच, म्हणून मुक्कामी गोड्या पाण्याची बादली मागून चेन, रिम आणि ब्रेक कॅलिपर धुवावेत, चेन पुसून वंगण लावावे. दर सकाळी कॅरिअरचे बोल्ट हाताने हलवून पाहा. जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर पहिले सैल होतात ते तेच.