तुम्ही विचारलेत म्हणून : थकलेल्यांचा गट करतो तरी काय?

फोंड्याला आमच्या घरी महिन्यातून एकदा दीर्घकालीन थकव्याचे रुग्ण जमतात, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मुळात थकलेली माणसे एकत्र येऊन करतात तरी काय?" विचारण्यात थोडी थट्टा असते, पण प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सापडायला आम्हालाच वर्ष लागले.

पहिली बैठक आम्ही पणजीला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर घेतली. लिफ्ट नव्हती. दीपप्रज्वलन, परिचय, व्याख्यान आणि शेवटी चहा-भजी असा दोन तासांचा रीतसर कार्यक्रम झाला. पुढच्या बैठकीला निम्मी माणसे फिरकली नाहीत, तेव्हा त्यांचा उत्साह ओसरला असे आम्ही धरून चाललो. फोन केल्यावर कळले की गोव्याच्या पार दक्षिण टोकाहून, काणकोणहून, बस बदलत आलेल्या एक बाई तिसऱ्या दिवशी ज्या अंथरुणाला खिळल्या, त्या आठवडाभर उठल्याच नाहीत.

या आजाराची हीच खूण आहे. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम अशी त्याची नावे. पण 'फटीग' या शब्दाने त्याचे फार नुकसान केले आहे, कारण थकवा कोणाला येत नाही? येथे झेपेल त्याहून जरा अधिक श्रम झाले, मग ते मनाचे का असेनात, की त्याची शिक्षा बहुधा लगेच न मिळता बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी मिळते, आणि झोपूनही ताजेतवाने वाटत नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात निदानासाठी हीच लक्षणे, सहा महिन्यांहून अधिक काळाचा थकवा, आणि त्यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणे किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे यांपैकी एक, अशी कसोटी मांडली. निदान पक्के करणारी रक्ततपासणी नाही, म्हणून थायरॉइड, रक्तक्षय, झोपेतील श्वासाचे विकार असे सारे आधी तपासावे लागते. ते काम डॉक्टरांचे. गटात कोणी औषध सुचवू लागले की मी स्पष्टपणे थांबवते.

"रोज थोडे चालायला लाग, हळूहळू वाढव," हा सल्ला मात्र प्रत्येकाने ऐकलेला असतो, मीही एका डॉक्टरांकडून ऐकला आणि पाळून दोन महिने गमावले. ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले.

आता बैठक तळमजल्यावर असते. जमिनीवर गाद्या घातलेल्या असतात, उदबत्ती लावत नाही, आणि चाळीस मिनिटे झाली की वाक्य अर्धे असले तरी उठायचे. न येणाऱ्याला कारण विचारायचे नाही, हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. बोलणे बहुतेक हिशेबाचे असते : अंगात आहे त्या बळात काय बसवायचे आणि काय सोडायचे. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्यातील एकीने माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, तीन दिवसांत बांधली. चौकट टांगण्याआधी खाली, खुर्चीच्या उंचीवर ठेवली, एकदा बसून सुपारीचे दोन घड, संध्याकाळी आंबाडे, नारळ दिराकडे सोपवले. "बसून कधी कोणी माटोळी बांधते का?" असे सासूबाई म्हणाल्या, पण पाचव्या दिवशी सून स्वतःच्या पायांनी विसर्जनाला गेली, हे त्यांनीही पाहिले.

गोव्यात दुपारी दुकानेही मिटतात, त्यामुळे विश्रांतीची लाज येथे कमी, असे वाटेल. उलट, 'सगळेच तर दुपारी पडतात' या एका वाक्यात आमचा आजार कितीदा वाहून जातो! गटात निदान हे वाक्य ऐकावे लागत नाही, आणि आपण खरेच आजारी आहोत हे सिद्ध करण्यात जाणारे बळ वाचते.

काणकोणच्या त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. त्या घरी पडल्या पडल्या फोनवरून ऐकतात, क्वचित बोलतात, आणि घड्याळ त्यांच्याकडेच असते : "झाली चाळीस मिनिटे, उठा आता."