ऑर्थोच्या ओटीत टीएलडी बॅज मिळवताना

ऑर्थोपेडिक्सच्या पहिल्या वर्षात माझा बराचसा वेळ ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सी-आर्मला, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राला, चिकटून गेला. मांडीच्या हाडाचं नेलिंग (मोडलेल्या हाडात सळई बसवणं) असलं की पाय ओढून धरायला जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, लागतोच. सर "शूट" (एक्स-रे घ्या) म्हणतात तेव्हा रुग्णाच्या सर्वांत जवळ तोच असतो. एमबीबीएसला किरणांपासून बचावाचे वेळ, अंतर आणि आडोसा हे तीन शब्द व्हायव्हापुरते पाठ केले होते. टेबलाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगितलं एक्स-रे टेक्निशियन काकांनी. लॅटरल (बाजूने दिसणाऱ्या) व्ह्यूसाठी सी-आर्म आडवा केल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ट्यूबकडे नको, डिटेक्टरच्या बाजूला या." ट्यूबमधून किरण निघतात, डिटेक्टर ते टिपतो. कारण मी नंतर विचारून घेतलं. किरण शरीरात जिथून शिरतात, त्याच बाजूला सर्वांत जास्त विखुरतात. म्हणून एपी (समोरून दिसणाऱ्या) व्ह्यूला ट्यूब टेबलाखाली हवी आणि डिटेक्टर रुग्णाच्या जितका जवळ येईल तितका आणायचा. हात मोकळे असतील तर मागे सरकायचं. एका मीटरचे दोन मीटर झाले की डोस साधारण पावपट होतो.

मग टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणांचा डोस मोजणारा बॅज, मागायला गेले. "तो रेडिओलॉजीवाल्यांना असतो," असं कार्यालयात ऐकवलं. मला ते पटेना. त्यांचे रेसिडेंट बराच वेळ काचेआड असतात, आम्ही टेबलापाशी. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन थेट आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) सरांना भेटले. त्यांनी फॉर्म भरून घेतला, आधी कुठे रेडिएशनमध्ये काम केलंय का तेही विचारलं, आणि पुढच्या तिमाहीच्या यादीत नाव घातलं.

बॅजच्या आत कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या तीन चकत्या असतात. तापवल्यावर त्या जितका उजेड देतात, त्यावरून डोस कळतो. बॅज छातीवर, लेड एप्रनच्या आतून लावायचा. एप्रनलाच अडकवून तो ओटीत टांगून गेलेले सीनियर मी पाहिले आहेत. अशाने आपण घरी असतानाचे किरणही आपल्याच नावावर जमा होतात. सोबतचा कंट्रोल (तुलनेसाठीचा) बॅज तर किरण नसलेल्या खोलीतच राहायला हवा, कारण त्याचं रीडिंग आपल्या रीडिंगमधून वजा होतं.

आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी आहे. गरोदर सहकाऱ्याने कळवल्यानंतर गर्भासाठी ती फक्त १ मिलिसिव्हर्ट उरते. माझ्या बॅचमधल्या मुलींना हा आकडा ठाऊक नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

बॅजबरोबर एक वैयक्तिक क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही आणि डोस त्याच नावावर जमा होत राहतो. पीजी संपवून निघताना एनओसीच्या कागदांबरोबर तो क्रमांक आणि डोसचे रिपोर्ट मागून घ्या. नव्या ठिकाणचा फॉर्म भरताना ते लागतात.