मिस्सेतली शांतता
आज मिस्सेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, आवारात चांगलाच वाद रंगला. ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर येऊन गुडघे टेकतोय तोच कीबोर्ड सुरू, मग सूचना, मग वाढदिवसाच्या टाळ्या. मागच्या बाकावरच्या आजी वैतागल्या, "देवाशी दोन शब्द बोलू द्याल की नाही?"

त्यावर तरुण मंडळी म्हणे, आजींना जुनी लॅटिन मिस्सा हवीय. अहो, कुठलं काय! लोकभाषेतल्या मिस्सेची सगळी उत्तरं त्यांना तोंडपाठ आहेत. आणि त्या मागतायत ते मौन, मिस्सेत लोकभाषेला वाट करून देणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्याच (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेच्या), १९६३ च्या उपासनेवरील दस्तऐवजात आहे. धर्मगुरूंनीही आपल्या मनाने विधीत काही घालू, गाळू किंवा बदलू नये, हे त्यातच, बाविसाव्या कलमात.

२०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या जुन्या लॅटिन विधीवर बंधनं आणली. त्यावर मतं असू देत, पण साधी तक्रार केली की लगेच 'परंपरावादी' हा शिक्का कशाला?

फादरांशी बोलायचं एकमताने ठरलं. बोलणार कोण म्हटल्यावर मात्र सगळ्यांना घरची कामं आठवली.