उतरत्या पलंगावरील रात्री: हृदय आणि श्वासाच्या नोंदींचा माझा अनुभव

जर्मनीतील कोलोन येथे डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेची ‘एन्व्हिहॅब’ नावाची प्रयोगशाळा आहे. तेथील शय्याविश्रांतीच्या अभ्यासात, म्हणजे वजनरहित अवस्थेचे शरीरावरील परिणाम समजण्यासाठी माणसाला अनेक दिवस सतत पलंगावर आडवे ठेवण्याच्या प्रयोगात, मी स्वयंसेवक होतो आणि मला सर्वाधिक ओढ रात्रीच्या मोजमापांची होती. दिवसा हालचाल, बोलणे, काळजी या साऱ्यांचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. झोपेत तो बराच ओसरतो. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. हा चढउतार झोपेत स्पष्ट उमटतो, म्हणून अंतराळवीरांच्या हृदयाचा अभ्यास करणाऱ्यांना रात्रीच्या नोंदी मोलाच्या वाटतात.

वैद्यकीय तपासण्या, मानसशास्त्रीय मुलाखत आणि जर्मन भाषेची अट हे टप्पे पार पडल्यावर खरा अभ्यास सुरू झाला. पलंग डोक्याच्या बाजूला 6 अंशांनी खाली झुकलेला, उशी नाही, आणि जेवणापासून आंघोळीपर्यंत सगळे आडवे राहूनच करायचे. या उतारामुळे पायांकडील रक्त आणि द्रव छातीकडे व डोक्याकडे सरकतात, जसे ते वजनरहित अवस्थेत सरकतात. सुरुवातीला माझा चेहरा सुजला, नाक चोंदले आणि कंबर सतत ठणकत राहिली. छातीत रक्त वाढल्याचे जाणवताच शरीर जास्तीचे पाणी लघवीवाटे बाहेर टाकते आणि काही दिवसांत रक्ताचे एकूण प्रमाणच घटते.

नोंदीच्या रात्री तंत्रज्ञ मोजपट्टीने डोक्यावर खुणा करीत, त्या जागची त्वचा खरखरीत पेस्टने घासून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारे इलेक्ट्रोड चिकटवीत. छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड, छाती आणि पोटाभोवती श्वासासोबत ताणले जाणारे दोन पट्टे, नाकाखाली बारीक नळी आणि बोटावर ऑक्सिजन मोजणारा चिमटा असे. कूस वळताना नळी ओढली जाई आणि जाग येई. पुढे मी सर्व वायरी वेणीसारख्या एकत्र बांधून डोक्यामागून सोडून घेऊ लागलो. मग कूस बदलणे पुष्कळ सोपे झाले.

हा पलंग हृदयाविषयी पुष्कळ सांगतो, श्वासाविषयी मात्र त्याची साक्ष अपुरी आहे. पाठीवर झोपल्यावर गुरुत्वाकर्षण जीभ आणि मऊ टाळू घशाकडे ओढते व हवेची वाट अरुंद होते; पलंग झुकवला तरी ही ओढ कायम राहते. 1998 साली अमेरिकेच्या स्पेस शटल या अंतराळयानाच्या दोन मोहिमांमध्ये पाच अंतराळवीरांची झोप अशाच इलेक्ट्रोडनी नोंदवली गेली. पृथ्वीवर झोपेच्या सुमारे 16 टक्के वेळ होणारे घोरणे अंतराळात 1 टक्क्याच्याही खाली आले, आणि श्वास अडखळण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. पृथ्वीवरील कोणत्याही पलंगावर हे दिसले नसते, म्हणून प्रत्यक्ष अंतराळात झोपेची नोंद घेण्याला माझ्या मते पर्याय नाही.

अडचण अशी की इतक्या वायरींत मोजलेली झोप ही नेहमीची झोप राहत नाही, आणि अंतराळात इलेक्ट्रोड चिकटवायला शेजारी तंत्रज्ञही नसतो. म्हणूनच अंगात घालण्याच्या साधनांचे मला विशेष अप्रूप वाटते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील रशियन ‘सोनोकार्ड’ प्रयोगात शर्टाच्या खिशातील छोटे उपकरण इलेक्ट्रोडशिवाय, केवळ ठोक्यांनी शरीराला बसणाऱ्या सूक्ष्म हादऱ्यांवरून, रात्रभर नोंद घेत असे. इटलीच्या अंतराळवीर समांथा क्रिस्तोफोरेत्ती यांनी 2014-15 च्या मोहिमेत इटलीत तयार झालेले जाकीट घालून झोपेची नोंद केली. त्याच्या कापडातच ईसीजी आणि श्वासाचे सेन्सर विणलेले होते. 2019 मध्ये कॅनडाचे अंतराळवीर डेव्हिड सेंट-जॅक यांनी ‘बायो-मॉनिटर’ हा शर्ट स्थानकावर वापरून पाहिला.

अभ्यासाच्या शेवटी मला आडवे-उभे कलवता येणाऱ्या टेबलावर बांधून उभे केले, तेव्हा ठोके झपाट्याने वाढले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. घटलेले रक्त पायांकडे उतरल्याचा तो परिणाम होता. त्यानंतर सपाट पलंगावर पुन्हा तीच मोजमापे झाली. अशा अभ्यासात जाऊ इच्छिणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की पलंग झुकवण्याआधीच्या रात्री मनापासून सांभाळा, दुपारची डुलकी टाळा आणि एखादा सेन्सर सैल वाटला तर लगेच सांगा. पुढच्या प्रत्येक रात्रीची तुलना त्या सुरुवातीच्या नोंदींशीच होते आणि त्या मागाहून भरून काढता येत नाहीत.