मारिउपोलचा पोर्ट लॉग

24 जानेवारी 2015, शनिवार. एका मालवाहू जहाजावर मी चीफ ऑफिसर होतो आणि युक्रेनच्या मारिउपोल बंदरात आम्ही पोलादाचे स्लॅब भरत होतो. अकरा दिवसांपूर्वीच वोल्नोवाखाजवळ बसशेजारी रॉकेट पडून 12 प्रवासी गेले होते. युक्रेनच्या सरकारशी लढणारे डोनेत्स्कचे फुटीरतावादी शहराच्या पूर्वेला, फार लांब नव्हते. पण भाडं चांगलं होतं, युद्धविम्याचा जादा हप्ता भरलेला होता. एवढं झालं की ऑफिसच्या लेखी बंदर सुरक्षित.

स्लॅबनं भरलेला होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातला मालाचा कप्पा, वरून पाहिला तर निम्म्याहून जास्त रिकामा दिसतो. एकेक स्लॅब दहा-वीस टनांचा, त्यामुळे जागा संपायच्या आधी वजन संपतं. सगळा भार तळाशी गेल्यानं जहाज ताठ होतं. लाटेनं कललं की हिसका देऊन सरळ होतं, आणि त्या हिसक्यात एखादा स्लॅब सुटला तर जहाजाच्या कुशीचा पत्रा फोडायला त्याला वेळ लागत नाही. म्हणून दोन थरांमधलं लाकूड, आमच्या भाषेत डनेज, बरोबर एकाखाली एक यावं लागतं आणि भिंतीपर्यंत फट उरली तर ती ठासून भरावी लागते. माल भरणाऱ्या तिथल्या कामगारांची टोळी यात पटाईत. क्रेनवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. बोटानं जागा दाखवावी, स्लॅब तिथंच उतरायचा. आपल्याकडच्या बंदरांत असा हात मी पाहिलेला नाही. राग आला तर येऊ दे.

सव्वानऊच्या सुमाराला अझोवस्ताल कारखान्याच्या पलीकडून गडगड सुरू झाली. "साहेब, सुरुंग लावलेत काय कुठं?" आमचा दाभोळचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणाला. सुरुंग असे एकामागोमाग एक फुटत नाहीत. ग्राड या रॉकेट डागणाऱ्या ट्रकवर 40 नळ्या असतात आणि वीसेक सेकंदांत त्या रिकाम्या होतात, हे मी नंतर वाचलं.

फोरमनचा फोन वाजला, मग सगळ्यांचेच वाजायला लागले. वस्तोच्नी ही शहराच्या पूर्व टोकाची वस्ती: नऊमजली इमारती, शाळा, बाजार. टोळीतले बरेचजण तिथलेच. पाच मिनिटांत गँगवे, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर उतरायची वाट, रिकामा. क्रेनला तेव्हा एक स्लॅब लटकत होता. बाईंनी तो सावकाश खाली आणला, डनेजवर टेकवला, खालच्या माणसानं साखळ्या सोडवेपर्यंत थांबल्या आणि मग शिडी उतरल्या. त्यांचं घर कुठं होतं, मला माहीत नाही.

कॅप्टनना ताबडतोब निघायचं होतं. "सर, दोन नंबरच्या होल्डमध्ये वरचा थर अर्धाच आहे, उजव्या अंगाला मोकळं आहे. असं समुद्रावर नेता येणार नाही," मी म्हटलं. ते चिडले, पण त्यांनाही ते ठाऊक होतं. बोसन आणि मी पोरांना घेऊन दुपारपर्यंत लाकूड ठासत होतो.

मृतांचा आकडा पुढे तीसच्या घरात गेला, जखमी शंभरावर. युरोपच्या सुरक्षा संघटनेच्या निरीक्षकांनी त्याच दिवशी खड्डे तपासले आणि रॉकेटं फुटीरतावाद्यांच्या ताब्यातल्या भागातून आल्याचं लेखी दिलं. आणि बंदरातला आमचा एजंट संध्याकाळी स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्सचा, म्हणजे काम कधी चाललं नि का थांबलं याच्या अधिकृत नोंदीचा, मसुदा घेऊन आला. त्यात काम थांबल्याचं कारण होतं: हवामान.

हा मूर्खपणा नव्हता, हिशेब होता. खराब हवामानाचा वेळ भरणीच्या मुदतीत धरत नाहीत, म्हणजे मालवाल्याला विलंबाचे पैसे पडत नाहीत. शिवाय विमावाले प्रश्न विचारत नाहीत. तिथंच राहणारा हा माणूस. त्याचेही नातेवाईक असतील गावात. "तुमच्या जहाजाला तर काही लागलं नाही ना?" त्यानं विचारलं.

माझ्या पोर्ट लॉगमध्ये, म्हणजे बंदरातल्या कामाच्या जहाजावरच्या नोंदवहीत, होतं: 0915, पूर्वेकडून स्फोट. 0930, शहरावर रॉकेट हल्ला, कामगार जहाज सोडून गेले. तो कागद मी कॅप्टनसमोर ठेवला. बराच वेळ दोन्ही कागद पाहून त्यांनी एजंटच्या कागदावर सही केली आणि खाली शेरा मारला: वेळा व कारणं जहाजाच्या लॉगप्रमाणे. सही तर झाली, आणि नाहीही झाली. पंचवीस वर्षं कॅप्टनकी केलेला माणूसच असं करू जाणे.

पुढच्या बंदरात ऑफिसचा फोन आला. मुंबईतला एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, वेदर लिहिलं असतं तर क्लेम सोपा गेला असता. लॉगमध्ये काही करता येईल का?" मी नाही म्हटलं. तो पगारी माणूस, त्याच्यावर कशाला ओरडायचं? पण बाई साखळ्या सुटेपर्यंत थांबल्या, ती पाच-सात मिनिटं हवामानात कशी बसवायची, हे मी त्याला विचारायला हवं होतं. पैशांचं पुढं काय झालं ते कळलं नाही. चीफ ऑफिसरला ते कोणी कळवत नसतं.