तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलीच्या सनदेचे जास्तीचे पैसे परत मिळतील का?

नाही मिळणार. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणाचा निकाल दिला: वकील म्हणून नोंदणी करताना बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेने, कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त शुल्क घ्यायचं नाही. तेव्हापासून ज्युनिअर मंडळींचा हा प्रश्न थांबायचं नाव घेत नाही. ‘सर, कायद्यात साडेसातशे लिहिलंय, माझ्याकडून हजारोंनी घेतले. वरचे कधी?’ निकालातच लिहिलंय: तो पुढच्या काळापुरता लागू आहे, त्या तारखेआधी घेतलेली जादा रक्कम कौन्सिलांनी परत करायची नाही. वर्षानुवर्षं वसुली झाली, त्यातूनच रोजचा कारभार चालला, असा त्यामागचा विचार. म्हणजे जून 2024 मध्ये सनद काढलेल्याने पूर्ण रक्कम भरली, आणि त्याच बॅचच्या मित्राला ऑगस्टमध्ये साडेसातशे. राग येणारच. पण त्या रागावर अर्ज लिहायला बसलात तर वेळ आणि कोर्ट फी दोन्ही फुकट जातील.

मला बोलायचंय ते त्याच्या मागच्या गोष्टीबद्दल, जी कुणी विचारत नाही.

आकडे समोर ठेवू. अधिवक्ता अधिनियम 1961, कलम 24(1)(फ). नोंदणीच्या वेळी राज्याच्या बार कौन्सिलला 600 रुपये, बार कौन्सिल ऑफ इंडियाला 150. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 100 आणि 25, म्हणजे सव्वाशे. वर मुद्रांक शुल्क लागेल ते. हे दर 1993 च्या दुरुस्तीतले. प्रत्यक्षात निरनिराळी राज्यं 15,000 पासून 42,000 पर्यंत घेत होती. हे साडेसातशेचे पंधरा हजार झाले कसे? एका फटक्यात नाही झाले. आधी ओळखपत्र. मग कागदपत्रांची पडताळणी. मग ग्रंथालय निधी, इमारत निधी, कल्याण निधी, प्रशिक्षण, प्रक्रिया शुल्क. एकेक शीर्ष सुटं वाचलं तर कुणीही मान डोलावेल. ग्रंथालय नको असं कोण म्हणेल? बेरीज मात्र कुणी करत नाही. ती होते थेट डिमांड ड्राफ्टवर, आणि तो ड्राफ्ट काढणारा असतो लॉ कॉलेजमधून नुकता बाहेर पडलेला, वडिलांकडे किंवा पतपेढीकडे हात पसरणारा मुलगा.

आता नीट बघा. हा मुलगा ड्राफ्ट काढतो तेव्हा तो वकील नसतो. पटावर नाव नाही, म्हणजे मत नाही. कौन्सिलवरचे पंचवीस जण निवडायला त्याला बोलावत नाहीत. ज्यांनी शुल्काचा ठराव केला त्यांना पुढच्या निवडणुकीत पाडायचं ठरवलं, तरी आधी त्यांचं शुल्क भरल्याशिवाय तो मतदारच होत नाही. आणि ज्यांना मत होतं त्यांच्या, म्हणजे आमच्या, खिशाला झळ लागत नव्हती. आमची वार्षिक वर्गणी वाढवली असती तर बार रूममध्ये आरडाओरडा झाला असता. दाराबाहेर उभ्या असलेल्यावर बोजा टाकला, तर ओरडणार कोण? कौन्सिलने लपवलं हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की आम्ही विचारलं नाही, कारण ते विचारणं आमच्या सोयीचं नव्हतं.

आणि हो, तुमच्यापैकी काही जण मला माझेच जुने शब्द ऐकवतात. 2024 च्या आधी मी म्हणायचो, की कौन्सिल हवेवर चालत नाही, 1993 चे सहाशे रुपये आज कारकुनाच्या एका दिवसाच्या खर्चालाही पुरत नाहीत, संसद दर वाढवत नाही तर कौन्सिलने करायचं काय? कौन्सिलांनी न्यायालयात साधारण हाच बचाव मांडला. न्यायालयाने तो ऐकला आणि म्हटलं, सेवा देता तर नोंदणीनंतर, कायद्याच्या चौकटीत त्याचं शुल्क घ्या, पण पेशात शिरायची अट म्हणून नाही. तसं घेतलं तर राज्यघटनेची कलमं 14 (समानता) आणि 19(1)(छ) (पेशाचं स्वातंत्र्य) दोन्ही मोडतात. कायद्याच्या बाजूने माझं म्हणणं चुकीचं होतं, मान्य. पैशाच्या बाजूने मी अजूनही पूर्ण हरलेलो नाही. सहाशे रुपयांत शिस्तभंग समित्या चालत नाहीत. अधिवक्ता अधिनियमाचं कलम 36-ब म्हणतं तक्रार वर्षात निकाली काढा, नाहीतर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. मग वर्षात निकाल हवा तर माणसं हवीत, माणसांना पगार हवा. यावर तोडगा आहे असं मी सांगत नाही.

पण गंमत बघा, खर्च खरोखर किती हे ठामपणे म्हणायला माझ्याकडे तेव्हा ताळेबंद होता का? नव्हता. ‘परवडत नाही’ हे मी ऐकीव सांगत होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वकील संघ वेगळा, कौन्सिल वेगळी. तुमच्या तालुक्याच्या संघाची वार्षिक सभा होते, ताळेबंद वाचून दाखवतात, कुणीतरी झेरॉक्सच्या खर्चावर हरकत घेतो, मग चहा. कौन्सिलची ‘सर्वसाधारण सभा’ म्हणजे निवडून आलेल्यांची सभा. पटावरच्या सगळ्या वकिलांची सभा हा प्रकारच कायद्यात नाही. त्यामुळे ‘मी सदस्य आहे, हिशेब दाखवा’ म्हणून काउंटरवर भांडून काही हाती येत नाही. (वकीलपत्रावरचा वेल्फेअर स्टँप तर आणखी तिसराच. तो 1981 च्या कल्याण निधी कायद्याखाली जातो. तीच रक्कम इथे शोधू नका.)

हाती येतं ते अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 12 मुळे. कौन्सिलने हिशेब ठेवायचे, पात्र लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचे, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर, पुढच्या वर्षीच्या 31 डिसेंबरच्या आत, लेखापरीक्षकाच्या अहवालासह बार कौन्सिल ऑफ इंडियाला पाठवून राजपत्रात छापायचे. हे ऐच्छिक नाही. दुसरा आधार कलम 15. राज्याच्या कौन्सिलने केलेला नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही. ठराव म्हणजे नियम नव्हे. कुठल्याही शुल्काबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा नियम आहे का ठराव, आणि नियम असेल तर मंजुरीचं पत्र कुठलं?

माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे, आणि आपण वकील तिथेच मार खातो. पहिल्या परिच्छेदात न्यायदानाचा इतिहास, दुसऱ्यात संताप, आणि मागणी शंभरच्या पुढच्या शब्दाला सुरू. तसं करू नका. ‘का घेतलं’ असंही विचारू नका. कारणमीमांसा देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. एक वर्ष, एक शीर्ष: अमुक वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, तो राजपत्रात छापल्याची तारीख, आणि त्या वर्षात ‘ग्रंथालय निधी’ शीर्षाखाली जमा आणि खर्च दाखवणाऱ्या खातेवहीच्या पानांची प्रत. ‘दहा वर्षांचे सर्व हिशेब’ मागितलेत, तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(9) दाखवून आमची यंत्रणा यातच अडकेल असं उत्तर येतं, आणि ते सगळंच खोटं नसतं. कागद फारच असले तर प्रती मागू नका, अभिलेखाची पाहणी मागा, जाऊन वही चाळा, हवी तेवढीच पानं घ्या. इतिवृत्तात कुणाची वैयक्तिक माहिती आहे म्हणून नकार आला, तर त्याच कायद्याचं कलम 10 दाखवा: तेवढा भाग झाकून उरलेलं द्या. तीस दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवस. तिथे मात्र माहिती आयोगाच्या तारखेची वाट बघत बसावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

सर्वात रिकामं उत्तर येतं ते राजपत्राच्या प्रश्नाला. तारीख सांगता आली नाही तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच लिहून येतं. तो कागद फेकू नका. ‘हिशेब देत नाहीत’ ही तक्रार हवेत विरते, ‘कलम 12 प्रमाणे छापल्याची नोंद नाही’ हे त्यांच्याच सहीशिक्क्यानिशी हातात असतं.

निकालानंतर शुल्काचं नवं नाव निघालं, ‘ऐच्छिक’. कर्नाटकातल्या अशा वसुलीवरून ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की ऐच्छिक म्हणूनही काही घेता येणार नाही. तरी कुणी तुमच्यापुढे साडेसातशेच्या शेजारी दुसरा रकाना सरकवला, तर शीर्षाचं नाव लिहिलेली पावती मागा. पावती मागितल्यावर रकाना मागे सरकतो की नाही ते बघा, आणि मला कळवा.